बाभळीवरचा कापूस

यंदा दिवाळी उरकली आणि आमच्या फुलसावंगीच्या रस्त्याला पुन्हा पांढरी दाढी फुटली. दरवर्षी फुटते. कापसाच्या गाड्या भरून जिनिंगकडे निघाल्या की वाटेतली झुडपं, फांद्या, गावांच्या पाट्या, जे जे आडवं येईल ते जाता जाता चिमूटभर कापूस ओढून ठेवून घेतं. माझी नात कॉलेजातून येते, स्कूटी लावते, ओढणीला चिकटलेला कापूस झटकते आणि म्हणते, "काय आजी, गावात शिरलं का नुसता कचरा उडून राह्यला." मी हो म्हणते. तिला काय सांगू, की हा कचरा वाचत मी एक अख्खा हंगाम काढला आहे. कोणती गाडी जास्त भरली होती, कोण घाईत होतं, कोण नवशिकं आहे, सगळं त्या झुडपांवर लिहिलेलं असतं. पेपर वाचायला मला चष्मा लागतो. हे वाचायला लागत नाही.

परवा गावाबाहेरच्या वळणापर्यंत फिरायला गेले, तर तिथल्या कोवळ्या बाभळीवर ताजा कापूस लटकलेला. डाव्या अंगाला, पार खालच्या फांदीपासून. मनात म्हटलं, आलं बाप्पा कोणीतरी नवीन. आणि काठी टेकून एकटीच हसत उभी राहिले. तीस वर्षांपूर्वी याच जागी एक थोराड बाभूळ होती, आणि तिच्यावर जो कापूस लोंबत असे तो माझा होता.

मी ट्रक चालवत असे. म्हातारी थापा मारून राहिली असं वाटत असेल तर वाटू द्या, माझ्या सुनेलाही लग्नाआधी तसंच वाटत होतं.

तेव्हाची मी म्हणजे चौतीस वर्षांची एक शहाणी बाई. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आणि अक्कल त्याहून बरीच कमी. आमचे हे ट्रक चालवायचे. जुनी गाडी, दोघा भावांत मिळून घेतलेली. एका पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना औषध यांच्या डोळ्यांत उडालं. एक डोळा गेला तो गेलाच, दुसऱ्यानं हातभर अंतरावरचं दिसे, त्यापुढे सगळं धुकं. गाडी अंगणात उभी राहिली. चाकांखाली कोंबड्या बसू लागल्या. माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, म्हणाले, विकून टाकू. मी म्हटलं, मी चालवते.

हे म्हणताना तिच्या डोक्यात काय होतं, त्या बाईच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. बरे दिवस होते तेव्हा यांनी हौसेनं नदीच्या रेतीत मला गाडी पुढे-मागे करायला शिकवलं होतं, तेवढंच भांडवल. पुढचं वर्ष शिकण्यात आणि परवान्याच्या चकरांत गेलं. तेही यांनीच शिकवलं, बाजूला बसून, न दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहत. यवतमाळच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "डायवर कुठे आहे?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर." त्यांनी टेबलावर पुढे वाकून खाली पाहिलं. मी खरंच तेवढी बुटकी होते.

शिकवून झालं, परवाना आला, कापसाचा हंगाम लागला. पहिल्यांदा गाडी भरून निघायच्या सकाळी यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बंद. आधी या माणसाचं तोंड जात्यासारखं चाले. पोरगा मामाकडे शिकायला, त्यामुळे आता घरात बोलणं व्हायचं ते फक्त बकरीशी. मी दारात आले की बकरीला सांगत, "आली पाय तुयी मालकीन." मला भूक लागली असेल हे बकरीला कळवत. "चुलीवर भात हाय, म्हणा." मीही काय कमी होते? मीही बकरीलाच म्हणे, "सांग त्याइले, मी आर्णीत जेवली." दोन माणसांचा संसार एका बकरीच्या तोंडून चालला होता. आज हसू येतं. तेव्हा अंधाराकडे तोंड करून पडल्यावर वाटायचं, याच्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांनी कापसाची भरलेली गाडी चालवली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. सुटा कापूस ट्रकमध्ये ओतायचा, त्यात माणसं उतरून पायांनी तुडवायचा, पुन्हा ओतायचा, पुन्हा तुडवायचा. कडेनं लाकडी बल्ल्या उभ्या करून वर रचत जायचं. दोर आवळून झाला की गाडी दोन्ही अंगांनी अशी फुगते, जशी नऊ महिन्यांची बाई दारातून आडवी निघाली. मग तुम्ही केबिनमध्ये बसता आणि आरशात पाहता. आरशात रस्ता नसतो. मागून येणारं वाहन नसतं, सुटलेलं गाव नसतं. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. आपण कुठून आलो ते पुसून टाकल्यासारखं.

म्हणून कापसाच्या गाडीला बाजूला एक माणूस लागतो. तो खिडकीतून अर्धा बाहेर लटकून ओरडतो, येऊ द्या, दाबा, थांबा. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. बाईच्या गाडीवर बसायला गडी तयार होत नव्हता, आणि ट्रकमध्ये बसायला बाई तयार होत नव्हती. त्या सीटवर मी जेवणाचा डबा ठेवत असे. पहिल्या आठवड्यातच मी डब्याशी बोलू लागले. "पाय बाप्पा, ट्रॅक्टर येऊन राह्यला." डबा खडखडे. घरी बकरी, गाडीत डबा. चांगली सोय झाली होती त्या शहाणीची.

त्यात ते वळण. गावातून निघालं की हाकेच्या अंतरावर रस्ता डावीकडे एकदम मोडायचा. उजवीकडे नाल्यावरची पुलिया, तिला कठडा नाही. डावीकडे ती बाभूळ. जाणता डायवर गाडी आधी उजवीकडे पुलियापर्यंत नेतो आणि मग डावीकडे घेतो, म्हणजे गाडीचं फुगलेलं पोट झाडाला लागत नाही. हे मला तोंडपाठ होतं. पण पुलिया जवळ आली, खाली नाल्यातले दगड दिसले की माझा जीव डावीकडे पळे, आणि जिवाच्या मागे गाडी. त्यात क्लच. माझा पाय तिथवर पुरावा म्हणून पाठीमागे पोत्यांची गुंडाळी लावलेली असे. ऐन वळणावर क्लच दाबायला गेलं की गुंडाळी सटकन खाली घसरे आणि मी सीटमध्ये बुडून जाई. समोरून पाहणाऱ्याला वाटत असेल, गाडी बिनडायवरची येऊन राहिली. गिअर असा किरकिरे की गावातली कुत्री उठून बसत. आणि बाभूळ फर्रकन हात घालून कापूस ओढून घेई.

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परतावं तर समोर ती उभी. नखशिखांत पांढरी. वळणाजवळ गणूभाऊंचं चहाचं हॉटेल होतं, तिथले बाकडे त्या झाडासमोरच. गावात तीन ट्रक. बाकी दोघांचा कापूस त्या झाडाला कधी लागला नाही, त्यामुळे कोणाचा कापूस हे विचारायची गरजही नव्हती.

"वहिनी," गणूभाऊ ओरडत, "बाभूय न्हाऊन उभी राह्यली पाहा, पावडर लावून!"

"नवरदेव पाहून ठेवा मग तिच्यासाठी," मी गाडीतूनच ओरडे आणि पुढे निघे. बोलायला माझी जीभ कधी अडली नाही. पण पुढच्या गल्लीत गाडी लावली की पदरानं स्टेअरिंग पुसत मी केबिनमध्येच बसून राही. घरात जायची घाई कोणाला होती?

एका संध्याकाळी भासरे त्या बाकड्यावर बसलेले. मला हात करून थांबवलं. डोक्यावर पदर घेऊन, स्टेअरिंगमागे, मी भासऱ्यांसमोर. असा देखावा गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल.

"हे पाय वं," ते बाभळीकडे बोट दाखवून म्हणाले, "आज झाड हाय, उद्या माणूस राहीन. संक्रांतीपावतर पाहतो मी. तवाबी हे झाड असंच दिसलं तर किल्ली मले आणून द्यायची. गाडी विकून टाकू."

"अन् साफ दिसलं तर?"

"तर चालव मंग, काय आभाळात उडवायची असंन तर उडव."

झालं. माझा निकाल एका बाभळीच्या हाती गेला. आणि गाडी गेली असती तर काय गेलं असतं, ते मलाच माहीत होतं. घरात दोन माणसं, एक बोलत नाही, आणि दुसरीला बाहेर पडायला कारण नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाशेजारी, दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. एवढंच उरलं असतं.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या बाजूला जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागे. कधी दीड दिवस, कधी दोन. हवेत कापसाची भुकटी, जिभेवर तिची कोरडी चव, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या. डायवर लोक गाड्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटवत, एकमेकांच्या ताटात हात घालत. मी जवळून गेले की बोलणं थांबे. वाईट नव्हती माणसं, त्यांना कळत नव्हतं माझ्यासमोर काय बोलावं. आत कापूस निवडणाऱ्या बायांचा घोळका होता. त्यांच्यात जाऊन बसले तर एक म्हणाली, "बाई, तुमी डायवर लोक. तिकडं बसा ना." मग मी दोन्ही घोळक्यांच्या मधोमध, माझ्या चाकाला टेकून, ठेचा-भाकर खात असे. समोर तुरीचं शेत पिवळं झालेलं. दुपारभर त्यावर एक पाखरू एकाच सुरात ओरडत राही. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. त्या हंगामात माझ्याशी सगळ्यात जास्त बोललं ते तेच.

आणि मग चमत्कार झाला. मार्गशीर्षात एकदा परत आले, तर बाभूळ साफ. एक धागा नाही. पुढच्या खेपेला पुन्हा साफ. त्याच्या पुढच्याही.

काय सांगू त्या बाईचा तोरा! हॉटेलसमोर मुद्दाम गाडी थांबवून तिनं विचारलं, "काय गणूभाऊ, पावडर सरली वाटते तुमच्या नवरीची?" गणूभाऊ चहा गाळता गाळता एवढंच म्हणाले, "हाव वहिनी. सरली खरी." बाकड्यावरचे बाकीचे एकदम आपापल्या कपात पाहू लागले. मला वाटलं, जिरली. घरी येऊन मी बकरीला सांगितलं, "सांग त्याइले, आता आपला हात बसला." बकरी पाला खात होती. त्या दिवसांत ती भलतीच सुटली होती. हे रोज दुपारी तिला घेऊन बाहेर जायचे, पाला पाडायची लांब आकडी खांद्यावर टाकून. मी म्हणे, बरं आहे, माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

त्याच सुमारास एका सकाळी केबिनमध्ये माझ्या सीटला पाठीमागून एक उशी बांधलेली दिसली. उशी कसली, गाठोडं. जुन्या लुंगीचं कापड, दोऱ्याचे टाके असे की पोतं शिवलंय. आत कापूस होता, पण सरकी न काढलेला. खडे भरल्यासारखी टोचायची. कोणत्या बाईनं सरकीसकट कापूस भरून उशी केली असेल? मला वाटलं, भासऱ्यांनी चेष्टा केली. रागानं सोडून फेकणार होते, पण ती दोरीनं अशी पक्की आवळली होती की सुटेना. बसून पाहिलं. क्लच दाबला. पाय पुरला. पुन्हा दाबला. उशी जागची हलली नाही. मी तिला शिव्या देत वापरू लागले.

पौषातली दुपार. गाडी भरून निघाले, वळण पार केलं, कोसभर गेल्यावर आठवलं, कागद घरीच राहिले. गाडी कडेला लावली आणि तुरीच्या शेतातून आडवाटेनं पायी गावाकडे निघाले. तूर माझ्या डोक्याहून उंच. वळणाजवळ बाहेर पडणार, तोच बकरीची घंटा ऐकू आली. मी तुरीतच थांबले.

हे बाभळीखाली उभे होते. हात चाचपत आकडी वर नेली, फांदी पकडली, खाली ओढली. मग तोंड फांदीच्या इतकं जवळ नेलं, जणू वास घेत आहेत. तेवढंच दिसायचं ना. एक बोट फांदीवरून सरकवत नेलं, कापूस लागला की चिमटीत धरून सोडवला आणि खांद्यावरच्या झोळीत टाकला. पुढे सरकले. काटा लागला, हात झटकला, बोट तोंडात घातलं. पुन्हा बोट फांदीवर. बकरी खाली वाकलेल्या फांदीचा पाला खात होती, आणि हे तिला सांगत होते, "आज कमी हाय. पायलं का? आज लयच कमी हाय. बसून राह्यला हात तिचा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं तर शोभेल. खरं सांगू? आधी राग आला. तीन आठवडे मी गावभर तोरा मिरवला, आणि ती साफ बाभूळ माझी नव्हतीच! बाकड्यावरच्यांनी कपात का पाहिलं ते आत्ता कळलं. मग राग गेला आणि ती सरकीची उशी आठवली. गावाबाहेर पडणाऱ्या गाडीचा गिअर किरकिरतो तो कशानं, हे घरात बसून ऐकणाऱ्या माणसाला कळलं होतं. डोळे नसलेल्या माणसाला माझा पाय पुरत नाही हे दिसलं होतं. आणि झोळीत जमलेला माझाच चुकलेला कापूस त्यानं माझ्या पाठीमागे भरला होता. मग मात्र आलं पाणी. कागद न घेताच मी तुरीतून परत फिरले. तो दिवस बिनकागदाचा गेला, कोणी अडवलं नाही, नशीब.

संक्रांतीच्या आधीची शेवटची खेप. दुसऱ्या दिवशी भासरे झाड पाहायला येणार होते. मी गाडी भरली आणि दारात येऊन पहिल्यांदाच बकरीकडे न पाहता म्हटलं, "अजी, आज संग चला. इंजिनाचा आवाज कायतरी वेगळा येऊन राह्यला. मले समजून नाही राह्यलं."

आवाज अगदी बरा होता. पण गाडीचा आवाज बिघडला म्हटल्यावर कोणता डायवर घरी बसेल? ते उठले, चप्पल चाचपली, चढले. डबा मी मांडीवर घेतला, मग खाली ठेवला. ती सीट अडीच महिन्यांनी भरली.

वळण आलं. उजवीकडे पुलिया, खाली दगड. माझा जीव सवयीनं डावीकडे निघाला. मी त्याला म्हटलं, थांब रे बाबा आजच्या दिवस. गाडी पुलियाकडे नेली, नेली, अजून नेली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, यांचा पाय खालच्या पत्र्यावर क्लच दाबत होता. मी माझा दाबला. पाठीत सरकी रुतली. गिअर पडला, आवाज न करता. गाडी डावीकडे वळली.

पुढे थांबवली. दोघंही उतरलो आणि मागे चालत आलो. मी वर पाहिलं. सगळं झाड हिरवं. फक्त एका टोकाला, बोटाएवढा, एकच पुंजका. मी नुसती उभी राहिले. सांगितलं नाही. पण मी का थांबले ते त्यांना कळलं. हात उंचावून फांदी चाचपत आले, पुंजका सापडला, सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या पावलांचा आवाज जिथं थांबला तिकडे, तोंड करून म्हणाले,

"कोण पाह्यलं?"

अडीच महिन्यांनंतर हे दोन शब्द.

"मी पाह्यलं ना," मी म्हटलं.

"तू डायवर होय. डायवरनं समोर पाहा लागते." आणि गाडीकडे चालू लागले. थोडं पुढे जाऊन म्हणाले, "इंजिनाचा आवाज चांगला हाय. खोटं बोलून राह्यली तू."

दुसऱ्या दिवशी भासरे आले, कमरेवर हात ठेवून झाडाला चक्कर मारली, माझ्या हातावर तीळगूळ ठेवला. किल्ली मागितली नाही. बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणी, गणूभाऊंनी सांगितलं की यांना दुपारी बाभळीखाली चाचपडताना सगळं गाव रोज पाहत होतं. भासरेसुद्धा. त्याच बाकड्यावर बसून, चहा पीत. कोणी एक शब्द काढला नाही. मी तुरीच्या शेतासमोर चाकाला टेकून एकटी जेवत होते तेव्हा एवढी माणसं माझ्या बाजूला होती, आणि मला एकानंही कळू दिलं नाही. मला अजून ठरवता येत नाही, यावर हसावं की भांडावं. भांडायला आता त्यांतलं कोणी उरलं नाही.

पुढे पंधरा हंगाम हे माझ्या बाजूच्या सीटवर बसले आणि एवढे बोलले, एवढे बोलले, की कधी कधी मला डब्याची आठवण येई. मग एका हंगामात ती सीट पुन्हा रिकामी झाली. त्यानंतर मी गाडी चालवली नाही. रस्ता रुंद झाला, पुलियाला कठडा आला, बाभूळ गेली. सरकीची उशी माझ्या खुर्चीला बांधली आहे. तिच्यात एक काटा राहून गेला आहे, नेमका पाठीच्या मणक्याशी. नात म्हणते, काढून देते. मी म्हणते, राहू दे. गेल्यावरही टोचणं सोडलं नाही माणसानं, तेवढंच.

तर परवा त्या वळणावर मी उभी होते. जुन्या झाडाच्या जागी उगवलेली ही नवी बाभूळ माझ्याहून जेमतेम दोन हात उंच आहे. कापूस कोणाचा, मला माहीत नाही. असेल एखादा, पाय न पुरणारा. असेल एखादी. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येईल, आणि बाकड्यांवर आजही माणसं बसलेली असतात. मी काठीची मूठ फांदीत अडकवली, खाली ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड जवळ नेलं. एकेक पुंजका सोडवला. बोटाला काटा लागला, बोट तोंडात घातलं. झाड हिरवं झालं. कापूस पदरात बांधला.

मग सवयीनं बाजूला वळले आणि विचारलं, "कोण पाह्यलं?"

रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. तुरीतून तेच पाखरू ओरडत होतं.